पाटावरचा कॉम्प्युटर

आमच्या गावात माझी ओळख ‘घरी असते ती’ अशी होती. इंदुरीच्या अलीकडे, इंद्रायणीच्या काठाला आमचं घर आहे. त्या घराच्या मागच्या खोलीत बसून मी वेबसाइट बनवते. म्हणजे कुणाच्या हॉटेलाचं, कुणाच्या नर्सरीचं, कुणाच्या क्लासचं इंटरनेटवरचं पान कसं दिसेल, कुठलं बटण कुठे असेल, हे ठरवते आणि ते पान उभं करते. सकाळचा स्वयंपाक उरकला की बसते ती दिवेलागणीला उठते. पण दारात कुणी येऊन माझी चौकशी केली की अण्णा, म्हणजे माझे वडील, ओट्यावरून सांगणार, “हाय की. घरीच असती.” पुढे कुणी विचारलंच, की काय करते, तर म्हणणार, “काय न्हाई, त्या कॉम्प्युटरपाशी बसलेली असती.”

बसलेली! जशी काय मी माशा मारायला बसते. आईसुद्धा बसूनच ब्लाउज शिवते, पण तिच्याबद्दल विचारलं तर लगेच उत्तर, “मशीनवर हाय ती, सवड न्हाई तिला.” हे ऐकलं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. हिंजवडीतली नोकरी सोडून मी घरून काम करायला लागले त्याला बरीच वर्षं झाली. घर चालायला माझा हातभार लागतो, हे अण्णांना पक्कं माहीत होतं. तरी त्यांच्या लेखी ते काम नव्हतंच. बाकी जगाने मला काही म्हणो न म्हणो, अण्णांनी एकदा तरी याला काम म्हणावं, एवढंच मला हवं होतं. फार हवं होतं.

अण्णा देहूरोडला लष्कराच्या डेपोत फिटर होते. निवृत्त झाल्यापासून भाताची खाचरं बघतात, आणि गावात कुणाचा पंप बंद पडला, कुणाच्या दाराची कडी बसेना, की पिशवी घेऊन निघतात. त्या पिशवीतले पाने, पक्कड, कानस यांना दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. आईनेही नाही. आणि या हत्यारांचा मोठा दिवस म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस, खंडेनवमी.

त्या दिवशी आमच्याकडे सगळी हत्यारं बाहेर निघतात. विळे, खुरपी, कोयता, कुऱ्हाड, पहार आणि अण्णांच्या पिशवीतला एकेक पाना. घासून, पुसून, तेलाचं बोट लावून ती बाहेरच्या खोलीत पाटांवर मांडायची. आईचं शिलाई मशीन जड, ते जागेवरच असतं, पण त्यालाही झेंडूची माळ. मग हळद-कुंकू, अक्षता, नैवेद्य. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही. हात लावायचा नाही म्हणजे कामच बंद. शेजारच्याचा कोयता मागून आणून फांदी तोडायची असेल, तर मग आपला पाटावर ठेवला कशाला, असं अण्णांचं म्हणणं. आई त्या दिवशी तुटलेलं बटणसुद्धा लावत नाही.

नोकरी सोडून आले त्या वर्षी मी हौसेने माझा कीबोर्ड पुसून पाटाशी घेऊन गेले होते. अण्णांनी वर पाहिलं.

“ते राहू दे आत. हितं हत्यारं ठेवायचीत.”

“मग हे काय आहे?” मी म्हटलं. “याच्यावरच पोट भरते मी.”

“ज्याला गंज चढत न्हाई ते कसलं हत्यार?”

कपाळ माझं! मी कीबोर्ड घेऊन आत आले आणि त्या दिवशी मुद्दाम दार उघडं ठेवून, खाडखाड आवाज करत काम केलं. बापाचा राग जसाच्या तसा पोरीत उतरलाय, असं आई म्हणते. ते खोटं नाही. त्यानंतर दर खंडेनवमीला बाहेर पूजा आणि आत माझं काम, असंच चालत आलं.

आता माझ्या कॉम्प्युटरबद्दल. आमच्या धंद्यात माणूस काय बोलतो त्याच्या आधी तो बॅगेतून काय काढतो ते बघतात. हिंजवडीला सगळ्यांकडे एकसारखे चंदेरी, पातळ लॅपटॉप होते. दिसायला देखणे, यात वाद नाही. माझ्याकडेही तसलाच होता. त्याची बॅटरी फुगली तेव्हा मी तो उलटा केला, तर आत शिरायला वाटच नाही. सगळं डिंकाने चिकटवलेलं. दुकानदार म्हणाला, “मॅडम, हे उघडत नाहीत. नवीनच घ्या.” मला त्या वाक्याचा जो राग आला तो अजून गेलेला नाही. एवढीशी बॅटरी गेली म्हणून अख्खी वस्तू फेकून द्यायची? आमच्या घरात बादलीचा कान तुटला तरी अण्णा तार घालून तो बसवतात.

म्हणून घरून काम सुरू केलं तेव्हा मी सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडून घेतला. काळ्या पत्र्याचा चौकोनी डबा, बाजूला स्क्रू. एखादा भाग बिघडला तर मी उघडते, तेवढाच बदलते, डबा तोच राहतो. पडदाही मुद्दाम साधा घेतला. भारी पडद्यावर फिकट राखाडी अक्षरंसुद्धा झकास दिसतात, आणि मी बनवलेली पानं बघणारी माणसं तळेगाव स्टेशनच्या बाहेर उन्हात उभी राहून तडा गेलेल्या मोबाइलवर बघत असतात. त्यांना ती अक्षरं दिसतच नाहीत. मला जे नीट दिसतं ते त्यांनाही दिसावं, एवढाच माझा हिशेब. वीज गेली की यूपीएस टीं टीं करत बसतो आणि मी धावपळ करून काम सेव्ह करते, तेव्हा लॅपटॉपवाले मित्रमैत्रिणी हसतात. हसू देत.

पण धंदा धंद्याच्या जागी. गिऱ्हाइकाकडे तो डबा काखोटीला मारून कसा नेणार? म्हणून भेटीगाठींसाठी एक जुना चंदेरी लॅपटॉप घेऊन ठेवला होता, लग्नाला नेसायच्या पैठणीसारखा. यंदा उन्हाळ्यात लोणावळ्याच्या एका बाईंकडे तो घेऊन गेले. तुंगार्लीकडे त्यांचे बंगले आहेत, सुट्टीला येणाऱ्यांना भाड्याने देतात. व्हरांड्यात बसून मी लॅपटॉप बाहेर काढला आणि बाई एकदम सैलावल्या. “बरं झालं,” म्हणाल्या. “आधीचा माणूस भलतंच काहीतरी खोकं घेऊन आला होता. तुमच्याकडे बघूनच कळतं, काम नीट होणार.” मी गोड हसले. या लॅपटॉपवर मी नुसती चित्रं दाखवते आणि काम सगळं घरच्या खोक्यावर होतं, हे सांगायचं मला तरी काही कारण दिसलं नाही. काम मोठं होतं आणि त्यांच्या ओळखीतून पुढे आणखी मिळण्यासारखं होतं.

काम पावसाळ्यात चालू राहिलं. मावळातला पावसाळा म्हणजे भिंतींना घाम फुटतो, कपडे वाळत नाहीत, डब्यातले पापडसुद्धा सादळतात. एका दुपारी कॉम्प्युटर सुरूच होईना. आत पंखा फिरतोय, पण पडदा काळा. मी वायरी सोडवल्या, डबा उजेडात ओट्यावर आणला, आडवा केला आणि स्क्रू काढायला बसले. अण्णा पलीकडे खुरप्याला मूठ बसवत होते. त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

आत मेमरीची एक पट्टी असते. तिच्या कडेला बारीक सोनेरी दात असतात, ते काळवंडले होते. मी खोडरबर घेतलं आणि हलक्या हाताने दात घासायला लागले. अण्णांचा हात थांबलेला मला दिसला.

“काय झालंय त्येला?”

“ओलीनं गंज चढलाय.”

“गंज?”

असे म्हणाले, जसं काय मी त्यांना गावातलं कुणी हरवलेलं माणूस सापडल्याचं सांगितलं. उठून आले, चष्मा चढवला आणि पट्टी कडेकडेने धरून उजेडासमोर केली. बराच वेळ बघत राहिले. “व्हय की,” एवढंच म्हणाले. मग आत गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातात पिशवीतला मऊ ब्रश होता, ज्याला हात लावल्याबद्दल लहानपणी मी धपाटा खाल्ला होता. “ह्यो घे,” म्हणाले. मी दात साफ केले, धूळ झाडली, पट्टी बसवली, डबा आत नेऊन वायरी जोडल्या. अण्णा दारात उभे होते.

“लागला?”

“लागला.”

त्यांनी मान हलवली आणि खुरप्याकडे गेले. त्या विषयावर आमच्यात पुन्हा एक शब्द झाला नाही. मीही काढला नाही, कारण काढला असता तर भांडणच झालं असतं.

मग नवरात्र आलं. भात निसवून लोंब्या बाहेर आल्या होत्या, देव्हाऱ्यातल्या घटाला हिरवेगार अंकुर आले होते. अष्टमीला जेवताना अण्णा ताटातून मान वर न करता म्हणाले, “उद्या तुझा पण डबा काढ भाईर. पुसून घे चांगला.”

आईच्या हातातली पळी तशीच राहिली. भरून आलं, खरंच सांगते, मी नुसता भात चिवडत बसले. आई म्हणाली, “आगं जेव की, काय झालं?” मी म्हटलं, ठसका लागला.

हात धुताना माझ्या डोक्यात उजेड पडला. लोणावळ्याच्या बाईंची साइट दसऱ्याच्या सकाळी सुरू व्हायची होती. त्यांनी सगळ्या ओळखीच्यांना तसं कळवून ठेवलं होतं. शेवटचे बदल नवमीला दिवसभर बसून करायचे, असं मीच ठरवलं होतं. एवढी वर्षं माझा कॉम्प्युटर पाटावर गेलाच नव्हता, त्यामुळे खंडेनवमी हा माझ्यासाठी कामाचाच दिवस होता. जिच्या घरात वर्षानुवर्षं या दिवशी सुईसुद्धा उचलत नाहीत, तिने नेमका हा दिवस कामाला धरला. बाई नाराज झाल्या असत्या तर हे काम आणि पुढचीही गेलीच म्हणायची. आणि अण्णांना नाही म्हटलं असतं, तर त्यांनी पुन्हा कधी विचारलं नसतं. मी त्यांना ओळखते.

सकाळपर्यंत मी एक शहाणपणाची तोड काढली होती. चंदेरी लॅपटॉप ठेवायचा पाटावर! तोही कॉम्प्युटरच, तोही माझाच. शिवाय झेंडूच्या फुलांत शोभून दिसेल. आणि मागच्या खोलीत दार लोटून डब्यावर काम उरकायचं. मी लॅपटॉप पुसून बाहेर आणला. अण्णा पाने मांडत होते.

“हे कवा घेतलंस?”

“हाय एक. गिऱ्हाइकाकडं न्यायला.”

“बरं.” त्यांनी पहार थोडी सरकवून जागा केली. “तुला पटंल ते ठेव. तुझं हत्यार तुला ठावं.”

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी तिथल्या तिथे परत केला असता, त्यात मी हार जात नाही. त्यांनी खरोखरच माझ्यावर सोडलं आणि पुन्हा कानशीला तेल लावायला लागले. मी लॅपटॉप ठेवला आणि बघत उभी राहिले. शेजारच्या पक्कडीची मूठ हाताने घासून गुळगुळीत झालेली, खुरप्याची नवी मूठसुद्धा चिखलाने काळी पडलेली. मध्ये हा, नवरदेवासारखा चकचकीत. याच्यावर मी कधी घाम गाळला नव्हता, कधी वैतागून डोकं टेकलं नव्हतं. तो मी बाईंना दाखवायला घेतला होता, आणि आता अण्णांनाही तोच दाखवत होते. ज्या जागेसाठी इतकी वर्षं कुढले, तिथे मी सोंग आणून बसवलं होतं. मला माझीच शरम वाटली. आणि रागही आला, कारण आता दिवसाचा पार विचका होणार होता.

लॅपटॉप उचलला, आत नेऊन कपाटात टाकला आणि बाईंना फोन लावला.

“आज बदल होणार नाहीत,” मी सांगितलं. “उद्या सकाळी पूजा उचलली की बसते. दुपारच्या आत साइट सुरू होईल.”

“का हो? काय झालं?”

“खंडेनवमी आहे. कॉम्प्युटर पूजेला ठेवतोय.”

बाई म्हणाल्या, “अहो, मग तो लॅपटॉप आहे ना तुमच्याकडे? तो छानसा?”

“तो कामाचा नाही. तो तुमच्याकडे आणायचा. काम मी खोक्यावर करते.”

बोलून गेले. जीभ अशीच आहे माझी, एकदा सुटली की सुटली. बाई थंडपणे म्हणाल्या, “उद्या सकाळी मी सगळ्यांना काय तोंड दाखवू? आता काय, उद्या दुपारपर्यंत बघते. पुढच्या कामाचं मात्र मला दुसरीकडे विचारावं लागेल.” आणि तसंच झालं. ते काम त्यांनी पुण्याच्या कुणाला तरी दिलं. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं, पण त्या क्षणी फोन ठेवल्यावर छाती मोकळी झाल्यासारखी वाटली.

मी वायरी सोडवल्या आणि डबा बाहेर आणला. अण्णांनी लॅपटॉप कुठे गेला ते विचारलं नाही. पाट पुढे ओढला, डबा स्वतः सरळ केला, चारी बाजूंनी फडकं फिरवलं. तेवढ्यात आई तांब्यातून पाणी शिंपडत आली.

“आई, थांब! पाणी नको, आत जाईल!”

“मग ह्येला शुद्ध कसं करायचं?” ती बिचारी फूल हातात घेऊन उभी. “आन् कुंकू कुटं लावू? ह्येचं कपाळ कुटंय?”

मी हसायला लागले. अण्णांनी मात्र गंभीरपणे डब्याभोवती एक चक्कर मारली, पुढची बाजू निरखली आणि सुरू करायच्या बटणाच्या वर बोट टेकवलं. “हितं लाव. बटणाखाली नको, तितं हवा आत जाती.” आईने तिथे हळद-कुंकू लावलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं. काळ्या पत्र्यावर ते बरं दिसत होतं.

मग दिवस रिकामा. मला काय करावं ते सुचेना. बोटं नुसती वळवळत होती. दोनदा सवयीने मागच्या खोलीत जाऊन आले, तर टेबलावर वायरी लोंबत होत्या. शेवटी अण्णांच्या मागून खाचराकडे गेले. ते बांधावर बसले, मीही बसले. लोंब्या भरत होत्या, इंद्रायणीचा वास सुटला होता, तांदळाचा म्हणतेय मी, नदीचा नव्हे. कामाचा माणूस सुट्टीच्या दिवशी बसतो तशी मी बसले होते, आणि माझ्या आयुष्यात मी अशी पहिल्यांदाच बसले होते.

दसऱ्याला सकाळी आंघोळी झाल्या. आमच्याकडे हत्यारं अण्णाच उचलतात आणि ज्याची त्याच्या हातात देतात. विळा आईला दिला. आपले पाने कपाळाला लावून पिशवीत भरले. मग डब्यापाशी आले. पाठीचं दुखणं आहे त्यांना, मी म्हटलं, “अण्णा, राहू दे, मी नेते.” त्यांनी ऐकलंच नाही. वाकले, दोन्ही हातांनी डबा उचलला, हळूहळू चालत मागच्या खोलीत आणला आणि टेबलाखाली त्याच्या जागेवर ठेवला. फूल तेवढं पडू दिलं नाही.

मी वायरी जोडल्या, बटण दाबलं. पडदा काळाच. मग अक्षरं उमटली आणि अण्णांनी माझ्याआधी सुस्कारा सोडला. मला वाटलं आता ते जातील. ते गेले नाहीत. कोपऱ्यातलं आईचं स्टूल त्यांनी ओढलं, माझ्या शेजारी बसले आणि चष्मा चढवला.

“दाखव. काय करतीस ते.”

मी बाईंची यादी काढली आणि कामाला लागले. बंगल्याचे फोटो बदलले, बुकिंगचं बटण वर घेतलं, रस्त्याचा नकाशा मोठा केला. ते मध्येमध्ये विचारत होते, हे इकडून तिकडं का नेलंस, ही अक्षरं जाड का. मी सांगत होते. उन्हाचं सांगितलं तेव्हा त्यांनी खिशातून स्वतःचा मोबाइल काढला, खिडकीपाशी जाऊन उन्हात धरला, त्यावर ते पान उघडायला लावलं आणि म्हणाले, “फोन नंबर अजून मोठा कर. माझ्यासारख्याला दिसंना.” मी मोठा केला. त्यांनी परत खिडकीशी जाऊन बघितलं. आणखी एकदा मोठा करायला लावला.

तेवढ्यात ओट्यावरून शेजारच्या आबांची हाक आली. त्यांनी नवा ट्रॅक्टर घेतला होता, पूजेला नारळ फोडायचा मान अण्णांचा होता आणि सगळे तिथे खोळंबले होते. अण्णा स्टुलावर येऊन बसले. पडद्यावरची नजर न काढता त्यांनी मोठ्याने सांगितलं, “वाईच थांबा आबा. हितं काम चाललंय.”